देव्हारा आणि बुद्ध्यांक

1. मशीनला हार

खंडेनवमीच्या सकाळी भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये जाऊन बघा. लादी धुऊन काढलेली असते. सीएनसी मशीनच्या पत्र्याच्या दारावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली, वर झेंडूचा हार, खाली पेढ्यांचा पुडा. व्हर्निअर, मायक्रोमीटर, स्पॅनर सगळे एका पाटावर ओळीनं मांडलेले. सेटर नारळ फोडतो, पण पाण्याचा एक थेंबही इलेक्ट्रिकल पॅनेलवर उडू देत नाही. दसरा उलटला की हाच माणूस जॉब मोजून पाच मायक्रॉनची दुरुस्ती, म्हणजे ऑफसेट, टाकतो. पाच मायक्रॉन म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा दहावा हिस्सासुद्धा नाही.

अशाच एका पूजेला मी इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याला घेऊन गेलो होतो. बाहेर पडल्या पडल्या त्यानं विचारलं, "मामा, एवढा हुशार माणूस मशीनला हार का घालतो?"

मला हसू आलं, कारण याच्या बरोबर उलटा प्रश्न मी लहानपणी आजोळी ऐकला होता. गावात गणिताचे एक मास्तर होते, ते देवळाची पायरी चढत नसत. आजी म्हणायची, "एवढे हुशार मास्तर, आणि देवाला मानत नाहीत, असं कसं रे?"

भाचा आणि आजी, दोघांचंही एका गोष्टीवर एकमत होतं. डोकं आणि जोडलेले हात यांच्यात काहीतरी दोरी आहे, असं दोघं धरून चालले होते. दोरीचं कुठलं टोक ओढलं की कुठलं हलतं, एवढ्यावरच त्यांचा मतभेद.

आपल्या इतिहासातली एक जोडी या वादात हटकून पुढे येते. टिळक आणि आगरकर डेक्कन कॉलेजातले मित्र. 1880 साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उभं राहिलं, त्यात दोघं होते. पुढच्याच वर्षी निघालेल्या 'केसरी'तही दोघं होते. 1882 मध्ये कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले तेही दोघांनी मिळून. त्यांतला एक पुढे सार्वजनिक गणेशोत्सवाचा पुढारी झाला आणि दुसरा बुद्धिप्रामाण्याचा. कमी हुशार कोण होता, सांगा बघू!

हे उदाहरण खटकेबाज आहे, पण त्याचं बळ ओळखून वापरायला हवं. एका उदाहरणानं 'असं होऊच शकत नाही' हा दावा मोडतो. सरासरी काय, हे मात्र त्यातून कळत नाही. सरासरी हवी असेल तर पुष्कळ माणसं मोजावी लागतात, आणि मोजायचं म्हटलं की पहिली अडचण उभी राहते: मोजायचं काय?

2. दोन फूटपट्ट्या

बुद्धी मोजायची पहिली चालती फूटपट्टी फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी 1905 साली बनवली. हुशारांची यादी करणं हा तिचा हेतू नव्हता. शाळेत मागं पडणाऱ्या कुठल्या मुलांना जादा मदत लागेल, एवढंच त्यांना शोधायचं होतं. ही चाचणी आपल्याकडे मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतून घेतली धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी, 'बिने-कामत चाचणी' या नावानं ती पुढे अनेक वर्षं वापरात राहिली.

आजच्या चाचण्यांत शब्दांचे अर्थ, आकड्यांची स्मरणशक्ती, आकृत्यांतला क्रम ओळखणं असले प्रश्न असतात. गुणांची मांडणी अशी करतात की सरासरी 100 यावी आणि दर तीन माणसांतली साधारण दोन 85 ते 115 च्या मध्ये बसावीत. हा झाला बुद्ध्यांक. शाळेतली प्रगती तो बऱ्यापैकी सांगतो. पण ज्यानं कधी पाटी हातात धरली नाही, त्याच्यापुढे ही फूटपट्टी लटपटते. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. कागद-पेन्सिलीच्या चाचणीत त्यांना किती गुण पडले असते, आणि त्या गुणांनी आपल्याला त्यांच्याबद्दल काय कळलं असतं?

दुसरी फूटपट्टी धार्मिकतेची, आणि माझ्या मते ती पहिलीपेक्षाही लवचीक आहे. पाश्चात्त्य पाहण्यांत दोन प्रकारचे प्रश्न हमखास असतात: देवावर तुमचा विश्वास आहे का, आणि चर्चमध्ये तुम्ही किती वेळा जाता? दुसरा प्रश्न आपल्या घरात विचारून बघा. घरातच देव्हारा असताना दर आठवड्याला देऊळ कशाला? माझी आई देवळात वर्षाकाठी चारदा जायची, पण आंघोळीनंतर पूजा झाल्याशिवाय चहा घेत नसे. चर्चच्या मापानं ती जवळजवळ नास्तिक ठरली असती! उलट बाजूला, वीस-पंचवीस वर्षं न चुकता वारीला जाणारा माझा एक मित्र आहे. तो शांतपणे सांगतो, "विठ्ठल आहे की नाही ते मला ठाऊक नाही, पण दिंडी आहे." याला कुठल्या रकान्यात टाकणार?

एवढं सांभाळून आता आकड्यांकडे जाऊ.

3. शंभर जोड्यांचा हिशेब

या विषयावरचे सुरुवातीचे अभ्यास 1928 च्या सुमाराचे आहेत. 2013 मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठाचे मिरॉन झुकरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचे 63 अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांतल्या 53 अभ्यासांत कल एकाच दिशेला होता: बुद्ध्यांक जास्त, तिथे धार्मिकता थोडी कमी. उरलेल्या 10 मध्ये उलटा. 2020 मध्ये त्यांनी ही संख्या 83 वर नेली, कल कायम राहिला. 2022 मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाच्या संशोधकांनी 89 अभ्यासांतल्या दोन लाखांहून जास्त माणसांचा हिशेब मांडला. दिशा तीच निघाली, पण जोर आणखी ओसरलेला.

म्हणजे भाचा बरोबर? थांबा. 'कल आहे' एवढ्यावर भागत नाही, किती आहे हे बघायला हवं. त्यासाठी एक शब्द समजून घेऊ: सहसंबंध. दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती हलतात हे तो 0 ते 1 या आकड्यात सांगतो. 0 म्हणजे एकीचा दुसरीला पत्ता नाही. 1 म्हणजे एक कळली की दुसरी तंतोतंत कळली. आकड्याआधी उणे चिन्ह असेल तर एक वाढली की दुसरी घटते.

ओळखीचं उदाहरण उंचीचं. बाप उंच तर मुलगा उंच, हे आपण सगळेच म्हणतो. तिथला सहसंबंध साधारण 0.5 आहे. त्याचा व्यवहारातला अर्थ असा: कुठलेही दोन बाप घ्या, एक जास्त उंच, एक कमी. अशा 100 जोड्या घेतल्या तर सुमारे 67 जोड्यांत उंच बापाचा मुलगा जास्त उंच निघेल आणि 33 जोड्यांत आपला अंदाज चुकेल.

आता हाच खेळ आपल्या प्रश्नाशी खेळू. झुकरमन यांचा आकडा उणे 0.2 च्या आसपास आहे. कुठलीही दोन माणसं घ्या, एक जास्त धार्मिक, एक कमी. पैज लावा की कमी धार्मिक माणसाचा बुद्ध्यांक जास्त असेल. 100 जोड्यांत तुम्ही सुमारे 56 वेळा जिंकाल आणि 44 वेळा हराल. व्हिएन्नाचा आकडा उणे 0.14 आहे. तो धरला तर जिंकणं 54-55 वर येतं. डोळे मिटून नाणं उडवलं असतं तरी 50 वेळा जिंकला असता.

संबंध आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण समोर उभ्या असलेल्या माणसाच्या कपाळावरचा टिळा बघून त्याच्या डोक्याचा अंदाज बांधायला तो काडीचाही उपयोगी नाही. धार्मिक माणसांना कमअस्सल ठरवण्यासाठी 2013 चा अभ्यास नाचवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हा 56-44 चा हिशेब केलेला नसतो.

आणखी एक कलम महत्त्वाचं. हे अभ्यास बहुतांशी पाश्चात्त्य देशांतले, त्यातही अमेरिकेतले आणि मुख्यतः प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांचे आहेत. आपले निष्कर्ष सगळ्या जगाला लावू नयेत, असं झुकरमन यांनीच सांगितलं आहे.

4. बॅट आणि चेंडू

थोडा का होईना, कल आहे तर तो कशामुळे? इथे एक कोडं सोडवा. बॅट आणि चेंडू मिळून 110 रुपयांना पडले. बॅट चेंडूपेक्षा 100 रुपयांनी महाग आहे. चेंडू कितीला?

बहुतेकांच्या तोंडून झटकन '10 रुपये' निघतं. ताळा करून बघा: चेंडू 10, बॅट 110, बेरीज 120. चुकलं. चेंडू 5 रुपयांचा आणि बॅट 105 ची. हे कोडं शेन फ्रेडरिक यांनी 2005 मध्ये मांडलेल्या तीन प्रश्नांच्या छोट्या चाचणीतलं आहे. अवघड गणित येतं का, हे ती तपासत नाही. पहिलं सुचलेलं उत्तर गिळून टाकण्याआधी तुम्ही क्षणभर थबकता का, एवढंच ती बघते.

2012 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांना असं दिसलं की झटकन सुचलेल्या उत्तरांवर थांबणाऱ्यांत देवावरचा विश्वास काहीसा जास्त असतो. याचं स्पष्टीकरण सोपं वाटतं. ढग गडगडला की 'कोणीतरी' रागावलंय, योगायोग घडला की 'कोणीतरी' घडवून आणलाय, असं मनाला आपोआप वाटतं. हा माणसाचा उपजत कल आहे. सुचलेल्या पहिल्या गोष्टीवर शंका घेण्याची ज्याला सवय, तो या कलावरही शंका घेणार.

त्याच वर्षी 'सायन्स' या नियतकालिकात विल जर्वेझ आणि आरा नोरेन्झायान यांचे काही प्रयोग आले. त्यांतल्या एकात काही विद्यार्थ्यांना रोदँचा 'विचारवंत' पुतळा दाखवला, हनुवटीखाली हात घेऊन बसलेला, आणि काहींना दुसराच एक पुतळा. 'विचारवंत' बघितलेल्यांनी देवावरचा विश्वास कमी सांगितला. वर्तमानपत्रांना मेजवानीच मिळाली. पण विद्यार्थी होते अवघे 57. 2017 मध्ये इतरांनी तोच प्रयोग कितीतरी मोठ्या गटावर करून पाहिला, तेव्हा परिणाम गायब झाला. आपला प्रयोग टिकला नाही, हे जर्वेझ यांनी उघडपणे मान्य केलं. हा प्रामाणिकपणा मला त्या प्रयोगापेक्षा मोलाचा वाटतो. 2018 मध्ये ते स्वतःच 13 देशांची पाहणी करणाऱ्यांत होते. तिथे थबकून विचार करण्याची सवय आणि नास्तिकता यांचा संबंध फिका निघाला, शिवाय देशोदेशी वेगळा.

देश बदलला की संबंध बदलतो. गोम इथेच आहे.

5. सगळ्या वर्गाचा गणवेश निळा

प्यू रिसर्च सेंटरनं 2019-20 मध्ये भारतात जवळजवळ 30 हजार लोकांच्या मुलाखती घेतल्या. त्यांत 97 टक्के लोकांनी देवावर विश्वास असल्याचं सांगितलं. 2011 च्या जनगणनेत स्वतःची नोंद नास्तिक अशी करणारे सबंध देशात 33 हजारांच्या आसपास निघाले. त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला, तरी संख्या दहा हजारांच्या आतच.

आता एक वर्ग डोळ्यांसमोर आणा. सगळ्या मुलांचा गणवेश निळा. गणवेशाच्या रंगावरून पहिला नंबर कोणाचा ते ओळखता येईल? भारतात देवावरचा विश्वास हा असा निळा गणवेश आहे. वर्गातला पहिला आणि शेवटचा, दोघंही निळ्यात. भोसरीतल्या सेटरचा हार त्याच्या हुशारीबद्दल काही सांगत नाही, तो कुठे वाढला ते सांगतो.

उलटी बाजू जर्मनीत दिसते. 1949 मध्ये एका समाजाचे दोन देश झाले. पूर्वेकडच्या सरकारनं शाळेतून, तरुणांच्या संघटनांतून, नोकऱ्यांतून धर्म मागे रेटला. 1990 मध्ये देश पुन्हा एक झाला तेव्हा पूर्व जर्मनी जगातल्या सर्वांत निधर्मी भागांपैकी एक होता, आणि अजूनही आहे. पश्चिमेला तसं झालं नाही. चाळीस वर्षांत सीमेच्या एका बाजूची डोकी बदलली नव्हती, शाळा बदलली होती.

शास्त्रज्ञांबद्दलही असंच काहीसं दिसतं. 1914 मध्ये जेम्स ल्यूबा यांनी अमेरिकेतल्या एक हजार शास्त्रज्ञांना देवाबद्दल विचारलं. सुमारे 42 टक्के आस्तिक निघाले. शिक्षण वाढेल तशी श्रद्धा ओसरेल, असं ल्यूबांचं भाकीत होतं. 1996 मध्ये तेच प्रश्न पुन्हा विचारले, तेव्हा उत्तर आलं 39 टक्के. ऐंशी वर्षांत विज्ञान कुठल्या कुठे गेलं आणि हा आकडा जवळजवळ तिथंच. मात्र तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या सदस्यांत 1998 मध्ये आस्तिक फक्त 7 टक्के होते, आणि हा आकडा नास्तिकांना फार आवडतो. त्यावर राइस विद्यापीठाच्या समाजशास्त्रज्ञ एलेन हॉवर्ड एक्लंड यांचं काम वाचण्यासारखं आहे. नामवंत विद्यापीठांतले बरेच निधर्मी शास्त्रज्ञ मुळात धर्माचं फारसं वारं नसलेल्या घरांतच वाढलेले होते, असं त्यांना आढळलं. प्रयोगशाळेत शिरताना देव दारात सोडून आलेले त्यांत थोडेच.

धार्मिक समाजात नास्तिक व्हायचं तर चारचौघांविरुद्ध जावं लागतं, आणि जरा जास्त बुद्धीची माणसं अशी आडवी चाल अधिक करतात. झुकरमन यांनी दिलेल्या कारणांत हेही एक आहे. पण मग जिथे नास्तिकताच रूढी झाली आहे तिथे आडवी चाल म्हणजे काय? तिथे देव मानणं!

6. हुशारीचा दुसरा उपयोग

आणखी एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. हुशार माणूस चुकीच्या समजुतीत अडकत नाही, असं आपण धरून चालतो. खरं तर अडकल्यावर तो तिचा बचाव अधिक चांगला करतो.

आर्थर कॉनन डॉइल शिकलेले डॉक्टर. पुराव्यावरून निष्कर्ष काढणारा जगातला सर्वांत प्रसिद्ध गुप्तहेर त्यांनी जन्माला घातला. 1917 मध्ये इंग्लंडमधल्या कॉटिंगली गावात नात्यातल्या दोन मुलींनी बागेतल्या पऱ्यांचे फोटो काढले. 1920 मध्ये डॉइल यांनी ते फोटो खरे मानून 'स्ट्रँड' मासिकात लेख लिहिला. पुढे त्यावर पुस्तकही केलं. 1983 मध्ये, म्हाताऱ्या झालेल्या त्याच मुलींनी कबूल केलं की त्या पऱ्या कागदातून कापून टाचण्यांवर उभ्या केल्या होत्या. शेरलॉक होम्सनं दोन मिनिटांत हे ओळखलं असतं. त्याच्या जनकाला ओळखायचं नव्हतं.

म्हणून मला माणसाचं डोकं मोजण्यापेक्षा त्याचा दावा मोजणं जास्त बरं वाटतं. याचं एक देखणं उदाहरण पुण्यातच घडलं. फलज्योतिष म्हणजे धर्म नव्हे, हे आधीच सांगतो. 2008 च्या सुमारास जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी 100 हुशार आणि 100 मतिमंद मुलांच्या जन्मवेळा मिळवून पत्रिका तयार केल्या. ज्योतिषांना प्रत्येकी 40 पत्रिका दिल्या आणि विचारलं, यांतलं हुशार मूल कोणतं, मतिमंद कोणतं? 51 जण तयार झाले, 27 जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी यश आलं 46 टक्के. नाण्यापेक्षा चार कमी.

या प्रयोगात ज्योतिषांचा बुद्ध्यांक कोणी विचारला नाही. विचारायचं कारणही नव्हतं. पंचांगाचं गणित आणि पत्रिकेची मांडणी साध्या डोक्याचं काम नाही. चाचणीला बसवलं होतं त्यांच्या दाव्याला.

7. एक तृतीयांश

भाच्यानं मागच्या महिन्यात पुन्हा छेडलं. त्याचं म्हणणं, "सेटरचं ठीक आहे, पण खरोखर वरच्या पातळीवरची बुद्धी घेतली तर?"

म्हटलं, घेऊ. अणूच्या पोटात काम करणाऱ्या बलांपैकी दोन बघ. एक विद्युतचुंबकीय, दुसरं क्षीण बल, ज्याच्यामुळे काही अणू आपोआप मोडतात. ही दोन वेगळी बलं मुळात एकच आहेत, असा सिद्धांत 1967-68 मध्ये दोघांनी स्वतंत्रपणे मांडला. अमेरिकेत स्टीव्हन वाइनबर्ग यांनी आणि लंडनमध्ये अब्दुस सलाम यांनी. वाइनबर्ग जाहीर नास्तिक, धर्मावर कडक टीका करणारे. सलाम पंजाबातल्या झंगचे, श्रद्धाळू अहमदिया मुसलमान. विश्वातली एकता शोधण्याची ओढ आपल्याला श्रद्धेतून मिळाली, असं ते सांगत. दोघांच्या कागदावरची समीकरणं मात्र एकाच ठिकाणी पोचली.

1979 चं भौतिकशास्त्राचं नोबेल या दोघांना आणि शेल्डन ग्लॅशो यांना मिळालं. सलाम स्टॉकहोमला अचकन आणि पगडी घालून गेले आणि मेजवानीच्या भाषणात त्यांनी कुराणातली वचनं उद्धृत केली. पारितोषिकाची रक्कम तिघांत सारखी वाटली गेली, प्रत्येकाला एक तृतीयांश.